रेल्वेचा मोठा साहेब : मान किती, मोल किती?

आपल्या मंडळाच्या गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात भोजनोत्तर गप्पा चालल्या असता एका ज्ञातिबंधूंनी मला बाजूस घेऊन विचारले, "गुरुजी, मुलगा संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. रेल्वेच्या व्यवस्थापनाची सेवा मिळाली तर घ्यावी काय? मोठा साहेब झाला तर अहमदपूरला गाडी तरी आणील!" भोवतालची मंडळी हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ज्या गावाने आपल्या शिवारात आगगाडीची शिट्टी कधी ऐकली नाही, त्या गावाला रेल्वेच्या साहेबाविषयी कुतूहल असणे स्वाभाविकच होय. त्यांना उत्तर देण्यापूर्वी मी या साहेबाचा पूर्वेतिहास धुंडाळला. तो येथे सादर करीत आहे.

आपल्या भागापुरता विचार केला तर हा इतिहास एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यापासून सुरू करावा लागतो. १८८२ मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीस लागला. बार्शीच्या बाजारपेठेला लोहमार्गाने जोडावे, ही कल्पना त्याने मनाशी धरली. नोकरीत राहून ती सिद्धीस जाईना, तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि लंडनमध्ये भांडवल जमवून १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन केली. दोन फूट सहा इंच रुंदीचा मार्ग, यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे रूळ, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा त्याचा हिशेब होता. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला व १९११ मध्ये लातूरला पोहोचली. लातूरच्या आडतीला आलेली बरकत काही अंशी तरी या चिमुकल्या गाडीची आहे. कुर्डुवाडीस मात्र प्रत्येक पोते अरुंद मार्गाच्या डब्यातून उतरवून मोठ्या मार्गाच्या डब्यात चढवावे लागे, हेही विसरता येत नाही. (याच गृहस्थाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली. माणूस स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हता.)

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कॅलथ्रॉपने लोहमार्ग घडविला तो नोकरी सोडल्यानंतर. नोकरीतला साहेब चालू गाडी चालवितो. रूळ कोठून जावेत हे ठरविणारे दुसरेच असतात. कंपनीच्या काळात हिंदुस्थानातील मुख्य रेल्वे अधिकाऱ्यास 'एजंट' म्हणत, आणि त्या शब्दातच त्याची मर्यादा सांगितलेली होती. येथे त्याच्यापुढे सारे लवत असले तरी लंडनच्या संचालक मंडळापुढे तो मुनीमच असे.

निजामी राज्यात याहून निराळे नव्हते. वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला. पुढे लंडनच्या कंपनीकडे रेल्वे सोपवावयाची, तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी निजामाच्या तिजोरीने द्यावयाची आणि मार्ग चांद्यापर्यंत न्यावयाचा, असा बेत शिजला. त्या अटींची उघड चर्चा व्हावी असे म्हणणाऱ्यांत सरोजिनी नायडू यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे अग्रभागी होते. १८८३ मध्ये त्यांना नोकरीवरून दूर करून राज्याबाहेर घालविण्यात आले. मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादेस जाणारा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी आला. अहमदपूर त्या रेषेपासून दूरच राहिले. १९३० मध्ये निजाम सरकारने कंपनी विकत घेतली. त्यानंतर या रेल्वेच्या व्यवस्थापकांनी कर्तबगारी दाखविली, हे मान्य केलेच पाहिजे. १९३२ मध्ये त्यांनी २७ गाड्या व १६६ नोकर एवढ्या बळावर मोटार वाहतूक सुरू केली. शेजारच्या आंध्र-तेलंगणातील सरकारी बससेवेचे मूळ तेच.

साहेबाच्या खुर्चीखाली काय दबलेले असते, हे मात्र स्मरणिकांतून सहसा लिहिले जात नाही. १८९९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सिग्नलवाल्यांनी वेतन व कामाचे तास यांसाठी संप केला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी 'केसरी' व 'मराठा' या पत्रांतून त्यांची बाजू मांडली. १९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वे संप झाला आणि हजारो कुटुंबांची चूल विझण्याची वेळ आली. कामावरून काढलेल्यांना परत घेण्याचा निर्णय १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी केला. अशा प्रसंगी साहेब वरचा हुकूम खाली पोहोचवितो, आणि खालचे शाप मात्र त्यालाच लागतात.

अपघाताचा भार तर विचारूच नये. २ सप्टेंबर १९५६ रोजी महबूबनगरजवळ, पूर्वीच्या निजाम रेल्वेच्याच मार्गावर, पूल खचून शंभराहून अधिक माणसे दगावली. लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा देऊ केला. तो तेव्हा स्वीकारला गेला नाही. नोव्हेंबरात अरियलूरचा अपघात झाल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडलेच. मंत्र्याचा राजीनामा इतिहासात जातो. ज्या अधिकाऱ्यांनी त्या रात्री प्रेते मोजली असतील, त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. माझा एक विद्यार्थी रेल्वेच्या वाहतूक शाखेत आहे. सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या अक्षता पडत असता तो रुळांवरून घसरलेल्या मालडब्यांपाशी उभा होता. वडिलांनी वर्षभर त्याच्याशी अबोला धरला.

आता गाडी आणण्याविषयी. आपल्या तालुक्याच्या भोवती आज तीन विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचे राज्य आहे. लातूर शहर सोलापूर विभागात, चाकूर तालुक्यातील लातूर रोड सिकंदराबाद विभागात आणि नांदेड हे २००३ पासून स्वतंत्र विभागाचे ठाणे. तिघे साहेब असूनही अहमदपूरला गाडी नाही. लातूर रोड ते नांदेड मार्गाची मागणी जुनीच आहे. याउलट मराठवाड्यात रुंद मार्ग आला, त्यामागे गोविंदभाई श्रॉफ व मराठवाडा जनता विकास परिषद यांचा लढा होता. लातूरची अरुंद गाडी उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, टाळून येडशीवरून जात असे. २००८ पर्यंत रुंद मार्ग झाला तेव्हा तो त्या शहरातून गेला. असे बदल दिल्लीत मंजूर होतात. विभागाचा साहेब फार तर अहवाल पाठवितो.

आणखी एक आशा आपल्या मंडळींत दबक्या आवाजात बोलली जाते. ज्ञातीतला साहेब झाला की चार पोरे 'लागतील'! भरती परीक्षेने होते. आणि तशी होऊ नये असे वाटणाऱ्यांशी माझे जमावयाचे नाही.

मग पद घेण्याजोगे आहे की नाही? माझ्या मते आहे, पण ज्याला गाडी वेळेवर सुटल्याचाच आनंद पुरतो, त्याच्यासाठी. वेतन चांगले, निवासस्थान चांगले, मानही आहे. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करण्याचे ठरविले. आपल्या शाखेपलीकडचे पाहणारा अधिकारी घडावा हा त्यामागील हेतू. परंतु दोन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलणार, मुलांच्या शाळा बदलणार, आईवडील गावी एकटे राहणार. ही किंमत घरातील सर्वांनी मिळून द्यावयाची असते.

त्या ज्ञातिबंधूंना मी एवढेच सुचविले की, मुलाला घेऊन लातूर रोडच्या फलाटावर एक रात्र काढून या. दोघे गेल्या महिन्यात जाऊन आले. पहाटेपर्यंत मुलगा स्टेशन मास्तरांच्या खोलीच्या खिडकीशी उभा होता म्हणतात. त्याचा निश्चय झाला आहे. आईची संमती अद्याप मिळावयाची आहे.