श्रावणातला बर्फ

मागच्या महिन्यात एका बचत गटाचा निरोप आला. गटातल्या सहा-सात जणींनी अमरनाथला जायचं ठरवलंय. त्यांनी विचारलं होतं, "ताई, यात्रा ऐन पावसाळ्यात असते, मग गरम कपड्यांचं ओझं कशाला?" त्या एका प्रश्नासाठी आज १९९६ सालची गोष्ट सांगते.

त्या वर्षी अधिक आषाढ आला होता, म्हणून श्रावणी पौर्णिमा लांबून २८ ऑगस्टला पडली. आधीची काही वर्षं काश्मीरमधल्या दहशतीमुळे यात्रेला गर्दी कमी असायची. त्या साली मात्र लोक लोटले. लाखाच्या आसपास माणसं वाटेवर होती. नावनोंदणीची आजच्यासारखी शिस्त नव्हती, डॉक्टरचा दाखला लागत नव्हता. कोणी चपला घालून आलेलं, कोणाच्या अंगावर सुती साडी आणि वर एक शाल.

वाट कशी आहे ते आधी ऐका. पहलगामपासून चंदनवाडी, तिथून पिस्सू घाटीची खडी चढण, मग शेषनाग, महागुणस खिंड, पंचतरणी आणि शेवटी गुहा. गुहा ३,८८८ मीटरवर आहे, पण खिंड तिच्याहूनही उंच, ४,२०० मीटरच्या वर. म्हणजे दर्शन घेऊन परतताना आधी पुन्हा चढायचं आणि मग उतरायचं. आपलं पुणं साधारण ५६० मीटरवर. दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते. हिशेब तुम्हीच करा. पुण्यात २५ अंश असतील, तर तेवढ्या उंचीवर शून्याच्या आसपास. इथे जो पाऊस म्हणून पडतो, तो तिथे बर्फ होऊन पडतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तसंच झालं. आधी पाऊस, मग वारा, मग बर्फ, आणि ते काही दिवस थांबलंच नाही. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद वाटेवर अडकले. तंबू पुरेनात, सरपण भिजलेलं. वाट बर्फाखाली गेली, जिथे बर्फ नव्हता तिथे गुडघाभर चिखल. २४० हून अधिक माणसं गेली, बरीचशी नुसत्या थंडीने. लष्कराने हेलिकॉप्टरने आणि पायी जाऊन हजारोंना खाली आणलं. काश्मिरी घोडेवाल्यांनी, गावकऱ्यांनी थकलेल्यांना आधार दिला, घरात घेतलं. ही गोष्ट सांगताना हे गाळू नये असं मला वाटतं.

आमच्या वाड्यातल्या एक काकू त्या यात्रेत होत्या. चार दिवस खबर नाही. मोबाइल नव्हतेच, त्यांचा मुलगा एसटीडी बूथवरून हलेना. पाचव्या दिवशी जम्मूहून फोन आला. त्या नंतर सांगायच्या, "शेषनागहून खाली उतरताना साडीचा घोळ ओला होऊन कडक झाला, पायावर लाकडासारखा आपटायचा." एका घोडेवाल्याने त्यांना बसू दिलं नाही. डोळा लागतोय म्हटलं की तो रागावायचा. ओली शाल काढायला लावून त्याने स्वतःचं घोंगडं दिलं आणि वरून प्लास्टिकचा कागद बांधला. काकूंना त्याचं नाव विचारायचं राहिलं, याची चुटपूट शेवटपर्यंत होती.

तो माणूस बरोबर वागत होता. अंगाची ऊब ३७ अंशांची. ती ३५ च्या खाली गेली की धोका. आधी कुडकुडायला होतं, मग बोलणं जड होतं, पाय अडखळतात, झोप येते. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका, तेव्हाच जास्त घाबरायचं. ओलं सुती कापड अंगाची ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. आपले धनगर भर पावसात घोंगडी का पांघरतात, ते यावरून कळेल. बधिर झालेल्या बोटांना बर्फ चोळायचा नाही, थेट जाळावरही धरायचं नाही. ती काखेत धरावीत.

आता एक पुण्याची गोष्ट. शिवाजीनगरला दगडी मनोऱ्याची इमारत आहे, तिला सगळे सिमला ऑफिस म्हणतात. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून तिथे आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. १९४८ साली अ‍ॅना मणी नावाच्या केरळच्या बाई पुण्याला याच खात्यात रुजू झाल्या. पाऊस, वारा, ऊन मोजायची यंत्रं तोवर परदेशातून यायची; ती इथेच बनावीत म्हणून त्यांनी शंभरेक यंत्रांचे नमुने पक्के करून घेतले. हवेचा अंदाज बांधायचा तर आधी तिचं नीट मोजमाप हवं, आणि त्या मोजमापामागे एका बाईचे कष्ट आहेत. सिमला ऑफिसच्या चौकात बसमधून उतरताना मला त्या आठवतात.

१९९६ नंतर सरकारने नितीश सेनगुप्ता यांची समिती नेमली. माणसांच्या संख्येला मर्यादा, वयाची अट, तब्येतीची तपासणी, वाटेवर निवारे, हे सगळं त्यानंतर बोललं गेलं आणि हळूहळू आलं. २००० साली अमरनाथ देवस्थानासाठी कायदा झाला. आता १३ ते ७० वर्षं हीच वयाची मर्यादा, आरोग्य दाखल्याशिवाय नोंदणी नाही, आणि सहा आठवड्यांहून जास्त दिवस गेलेल्या बाईला परवानगी नाही. हवा बिघडली की यात्रा थांबवतात. लोक कुरकुरतात, पैसे बुडाले म्हणतात. त्यांना ९६ साल माहीत नसतं.

तर त्या गटातल्या बायांना माझं उत्तर असं. साडीऐवजी सलवार-कुडता, आत लोकरीचे कपडे, दोन जोड मोजे प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवलेले, रेनकोट, घोट्यापर्यंतचे बूट. घोंगडं न्या, लाजू नका. नेणाऱ्या माणसाला पैसे देण्याआधी विचारा, वाट बंद झाली तर आम्हाला कुठे थांबवणार? आणि दाखल्यासाठी डॉक्टरकडे जाल तेव्हा रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे लपवू नका.