लालफीत कुणाची कापली?

१० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश या दिवशी निघाला. म्हणूनच आजही घाटकोपरच्या रमाबाई नगरातला किंवा बोरिवलीतला आमचा पोरगा जातीचा दाखला काढायला गेला, की त्याच्याकडे त्या तारखेआधीचा पुरावा मागतात. शाळेचा उंबरठाच न ओलांडलेल्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आम्ही कुठून आणायचा? मग कोतवाल बुकाच्या नकलेसाठी गावच्या तालुक्याला चकरा. त्यातही १९५६ ला बौद्ध झालेल्यांचा त्या आदेशात समावेश झाला १९९० साली. तब्बल ३४ वर्षांनी!

राज्य सरकारने २०१७ साली नवा दुकाने व आस्थापना कायदा केला. मोजके कामगार असलेल्या अंधेरीच्या दुकानदाराला आता नोंदणी नको, ऑनलाइन सूचना पुरे. आमचा विरोध नाही, झेरॉक्सची दुकाने आमचीही आहेत. पण दुकानदाराच्या शब्दावर विश्वास आणि आमच्या पणजोबाच्या जातीवर संशय, हे कसे? खोटे दाखले निघतात म्हणे. निघतात, त्यासाठी पडताळणी समित्या आणि तुरुंगवासाची तरतूद आहेच की.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मुदत ठरवतो, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड सांगतो. मेख अशी, की घड्याळ सुरू होते अर्ज परिपूर्ण झाल्यावर. म्हणून खिडकीवरचा तोंडी नकार घेऊन परतू नका. अर्ज दाखल करा, पोच घ्या, नकार कारणासह लेखी मागा. तिथून पहिल्या अपिलाला ३० दिवस मिळतात.