न रुचलेलें गाणें

धानाची कापणी-मळणी आटोपली, कीं चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टींत नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्या गांवोगांवीं जातात. दिवसां शंकरपट आणि रात्रीं नाटक. रंगमंचापुढें ऑर्गन व तबला घेऊन वादक बसतात. एखादें पद रंगलें, कीं मंडपांतून ‘वन्स मोअर’ची आरोळी उठते. अशा मंडपांत शहरांतून आलेला एखादा रागदारीचा जाणकार बसला, म्हणजे त्याची स्थिति मोठी अवघड होते. भोंवतालचीं माणसें देहभान विसरलेलीं असतात, आणि याच्या कानाला मात्र तो सूर फार चढा व ती तान ओबडधोबड लागते. याच्या उलट प्रसंगहि तितकाच खरा आहे. शहरांतल्या मैफलींत विलंबित ख्याल चाललेला असतां झाडींतला रसिक शेजाऱ्याबरोबर मान हालवितो खरा, पण मनांतून तो घड्याळाकडे पाहत असतो.

सर्वांनीं वाखाणलेलें गाणें आपल्यालाच आवडूं नये, ही लाज पुष्कळांनीं मुकाट्यानें गिळलेली असते. लिओ टॉल्स्टॉयनें ती गिळली नाहीं. १८९६ सालीं मॉस्को शहरांत वाग्नरचें ‘सीगफ्रीड’ हें संगीतनाटक पाहण्यास तो गेला. युरोपांतले रसिक ज्याला डोक्यावर घेऊन नाचत होते, त्या संगीताला कंटाळून तो मध्येंच उठून आला आणि पुढें ‘कला म्हणजे काय’ या ग्रंथांत त्यानें ती सारी हकीकत लिहून टाकली. वाग्नरचें त्यामुळें कांहीं अडलें नाहीं. नाटकगृहाची किल्ली टॉल्स्टॉयच्या हातीं नव्हती.

मराठी माणसांतहि असाच एक न रिझणारा कान होऊन गेला. फरक इतकाच, कीं किल्ली त्याच्या हातीं होती. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ सालीं केंद्र सरकारांत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. काशी विद्यापीठांत शिकलेले, पॅरिसची डॉक्टरेट मिळविलेले आणि धृपदाची तालीम घेतलेले असे हे विद्वान गृहस्थ. चित्रपटसंगीत त्यांना मुळींच रुचत नसे. तें उथळ व परक्या वळणाचें आहे, असें त्यांचें ठाम मत होतें. आणि काळ तरी कोणता? नौशाद, अनिल विश्वास व पुणतांब्याचे सी. रामचंद्र चाली बांधीत होते आणि लता मंगेशकर गात होत्या. ज्या वर्षीं केसकर मंत्री झाले, त्याच वर्षीं ‘बैजू बावरा’ पडद्यावर आला. त्यांत उस्ताद अमीर खां आणि विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर हे दोघेहि गायले आहेत. पण न रुचण्याची एकदां सवय लागली, कीं कान इतकें बारीक पाहत नाहीं.

मंत्र्यांनीं चित्रपटगीतांना एकूण वेळेचा दहावा हिस्साच ठेवला. गीताबरोबर चित्रपटाचें नांव सांगणें बंद झालें. निर्मात्यांना ही आपली जाहिरात बुडाल्यासारखी वाटली. त्यांनीं गाणीं वाजविण्याची परवानगीच काढून घेतली आणि थोड्याच महिन्यांत नभोवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं. नागपूर केंद्र १९४८ सालीं उघडलेलें, तेंच झाडीला सर्वांत जवळचें. धोरण तेथेंहि तेंच.

केसकरांचा हेतु हलका होता, असें मात्र म्हणतां येत नाहीं. संस्थानें विलीन झाल्यामुळें दरबारी गवई निराधार झाले होते. त्यांना नभोवाणीनें आश्रय दिला. २० जुलै १९५२ पासून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठीं सुगम संगीताला उत्तेजन मिळालें. १९५५ च्या १ एप्रिलपासून पुणें केंद्रावरून ‘गीतरामायण’ होऊं लागलें तें याच कारकीर्दींत. गंमत अशी, कीं त्याचे कवि माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेहि चित्रपटसृष्टींतच नांवाजलेले होते.

तरीहि श्रोत्यांनीं आपला कान मंत्र्यांच्या स्वाधीन केला नाहीं. त्यांनीं कांटा फिरवून कोलंबो गांठलें. डिसेंबर १९५२ मध्यें सिलोनवरून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि लघुलहरींच्या खरखरींतून देशभर ऐकली जाऊं लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं नभोवाणीनेंच ‘विविध भारती’ काढली. हद्दपार झालेलीं गाणीं घरीं परतलीं. मंत्री मात्र तेच होते.

अशा हुकुमाचा मासला नभोवाणीनें पूर्वींहि पाहिला होता. हार्मोनियमचे ठोकळेबाज स्वर हिंदुस्थानी संगीताला मारक आहेत, असें जाणकारांनीं ठरविलें आणि १ मार्च १९४० पासून ती पेटी नभोवाणीवर बंद झाली. रवींद्रनाथांचाहि त्या निर्णयाला पाठिंबा होता. पुढें तीस वर्षें हा निर्बंध टिकला. झाडीच्या मंडपांत मात्र पेटीला कोणी अडविलें नाहीं.

या रंगभूमीवर उभें आयुष्य घालविलेले गडचिरोली जिल्ह्यांतील परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री जाहीर झाली. झाडीपट्टीचें नांव त्या निमित्तानें दूरवर ऐकूं गेलें. तेव्हांपासून शहरांतले पाहुणे तिकडे अधिक जातात म्हणावें, तर त्यांतल्या कित्येकांना तें गाणें अजूनहि रुचत नसेल. असा पाहुणा मध्यरात्रीं हळूच उठतो आणि मंडपाबाहेर शेकोटीजवळ चहा पीत बसतो. त्याला कोणी अडवीत नाहीं, आणि आंतलें पदहि थांबत नाहीं.