फडताळाचा रंग : पूर्व विदर्भातील स्वयंपाकघर आणि रंगारी

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील अड्याळ हे भंडारा-पवनी रस्त्यावरचे, धानाच्या मुलखातले गाव असून, त्या परिसरातील घरांत स्वयंपाकघराच्या कपाटांना मजुरी देऊन रंग लावून घेण्याची रीत आज अगदी सवयीची वाटत असली, तरी ती फार जुनी नाही. ही रीत रुजण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या : स्वयंपाकघरात रंगवण्याजोगे लाकडी कपाट असणे, घरात न बनणारा आणि रोख पैसे मोजून विकत घ्यावा लागणारा रंग बाजारात मिळणे, आणि घराबाहेरच्या माणसाला चुलीपर्यंत येण्याची मुभा असणे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत उशिरा घडली आणि सर्वांत कमी लिहिली गेली.

शब्दांचाच मागोवा घेतला, तरी या इतिहासाची पहिली खूण सापडते. ‘कपाट’ हा मूळ संस्कृत शब्द दाराच्या फळीला, म्हणजे कवाडाला उद्देशून आहे, आणि सामान ठेवण्याच्या पेटाऱ्याला तो पुढे चिकटला. विदर्भात अधिक रुळलेला ‘आलमारी’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. तर ‘फडताळ’ म्हणजे भिंतीच्या जाडीतच पोकळी सोडून, आत फळ्या बसवून आणि पुढे झडपा लावून केलेली जागा. पूर्व विदर्भातील कवेलूच्या, म्हणजे मातीच्या भाजक्या कौलांच्या घरांत भिंती मातीच्या आणि भरपूर जाड असल्याने असे फडताळ करणे सोपे होते, पण ते बहुधा माजघरात किंवा देवाजवळ असे. रांधण्याच्या खोलीत मात्र झडपा नसलेले कोनाडे, दोरीचे शिंके, एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड आणि फार तर भिंतीला ठोकलेली मांडणी एवढाच सरंजाम पुरत असे. भंडाऱ्याची पितळी भांडी ज्या घरात असत, तिथे ती झाकून ठेवण्यापेक्षा मांडणीवर ओळीने दिसतील अशी ठेवण्यातच घराची ऐपत कळे. जिथे झडपच नाही, तिथे झडपेला रंग देण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता.

याचा अर्थ ते स्वयंपाकघर बिनरंगाचे होते, असा मात्र नाही. चुलीच्या धुराने भिंती आणि आढे काळे पडत, वाफेने सारवण सुटत असे, आणि त्यावर दररोज फिरणारा हात घरातल्या बाईचा असे. माती कालवून, तिच्यात चिंधी बुडवून चुलीवर आणि ओट्यावर पातळ थर देण्याला ‘पोतारा घेणे’ म्हणतात, आणि सकाळचा पोतारा झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही, ही शिस्त अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. दिवाळीच्या आधी भिंतींना छुई, म्हणजे या भागात मिळणारी पांढरी चिकणमाती, लावली जाई, आणि खालच्या पट्ट्याला व कोनाड्याच्या कडांना गेरूचा तांबडा हात दिला जाई. कोणती माती कोठून आणायची, ती किती वेळ भिजवायची, किती पातळ करायची म्हणजे वाळल्यावर पोपडे धरत नाहीत, हे सारे नेमके आणि अनुभवाने कमावलेले ज्ञान होते. त्याला कधी मजुरी मिळाली नाही, म्हणून त्याची गणना व्यवसायात झाली नाही. परंतु रंगकामाचा इतिहास लिहिताना पहिले कारागीर म्हणून याच बायांची नोंद घ्यावी लागते, कारण पुढे रंगाऱ्याने पैसे घेऊन जे केले, ते धूर, ओल आणि तेल यांच्यापासून पृष्ठभाग राखण्याचेच काम होते.

स्वयंपाकघरातील पृष्ठभाग राखण्यासाठी बाहेरच्या कारागिराला पैसे देण्याची रीत लाकडाच्या आधी धातूच्या बाबतीत सुरू झाली, आणि तो कारागीर म्हणजे कल्हईवाला. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे धातूशी रासायनिक क्रिया होऊन विषारी बनतो, म्हणून भांड्याला आतून कथिलाचा पातळ लेप द्यावा लागे. कल्हईवाला झाडाखाली खड्डा करून कोळसे पेटवी, भात्याने आच वाढवी, तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकी, आणि पांढऱ्या धुराच्या लोटात कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ती चांदीसारखी चकाकी क्षणात तळभर पसरवी. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की भांडी घरातून त्याच्याकडे जात असत, तो घरात येत नसे. सोवळ्या-ओवळ्याच्या आणि जातीच्या बंधनांनी जखडलेल्या समाजात चुलीची जागा परक्याला, विशेषतः परजातीच्या किंवा परधर्माच्या कारागिराला, बंद असे. ती बंधने अन्यायाची होती, आणि घराच्या आतली कामे कोणी करायची हे त्यांनीच ठरवून टाकले होते.

गावगाड्याच्या बलुतेदारीत, म्हणजे वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीच्या वेळी धान्य देण्याच्या व्यवस्थेत, वाढई होता, म्हणजे सुतार. पण रंगारी नव्हता. नांगर-वखर दुरुस्त करणाऱ्या वाढयाला धानाच्या रूपात मोबदला मिळे, आणि सागवानाची झडप किंवा चौकट त्याने केली, तर तिला तेल चोपडण्यापलीकडे वेगळे संस्करण लागत नसे, कारण सागवानात मुळातच तेलाचा अंश असतो आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. या तेलापुढची पायरी म्हणजे रोगण. हा शब्द तेलासाठीच्या फारसी शब्दावरून आला असून, राळ तेलात विरघळवून केलेल्या चकचकीत लेपाला तो वापरतात. तिसरा पर्याय लाखेचा होता. भंडारा-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात पळस आणि कुसुम या झाडांवर लाखेचे कीटक पोसले जातात, आणि त्यांच्या स्रावापासून केलेली चपडी स्पिरिटमध्ये विरघळवली, की फ्रेंच पॉलिश तयार होते. परंतु लाखेचा लेप गरम भांड्याने मऊ पडतो आणि सोड्याच्या पाण्याने उतरतो, म्हणून बैठकीतल्या खुर्चीला शोभणारे पॉलिश चुलीशेजारच्या झडपेला टिकत नाही. लाखेच्या मुलखातही स्वयंपाकघराला लाख उपयोगी पडली नाही, ती यामुळे.

उपयोगी पडले ते जवस, आणि जवसाची कथा या जिल्ह्यापुरती फारच बोलकी आहे. भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत पीक उभे असतानाच, जमिनीत ओल आहे तोवर लाखोळी हे कडधान्य आणि जवस फेकून पेरण्याची पद्धत जुनी आहे. तिला उतेरा म्हणतात. जवसाचे तेल खाण्यात होतेच, पण त्याचा एक गुण निराळा : पातळ थर हवेत ठेवला, तर ते उडून न जाता हवेतील प्राणवायू शोषून घट्ट, न विरघळणारा पापुद्रा बनते. कोणतीही रंगीत भुकटी या तेलात खलली, की तिचा तेलरंग होतो. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचल्यानंतर मध्य प्रांतातील जवस मुंबई बंदरातून युरोपात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले, आणि तिकडच्या गिरण्यांत त्याचे तेल, रंग व लिनोलियम, म्हणजे जमिनीवर अंथरायचे तेलकट जाड कापड, तयार होऊ लागले. धानाच्या बांधीत उगवलेले बी बोटीने बाहेर जाई आणि तयार रंगाचे डबे बोटीने येत. ते डबे सरकारी बंगल्यांच्या खिडक्यांना, रेल्वेच्या डब्यांना आणि पुलांच्या लोखंडाला लागत, जवस पिकवणाऱ्याच्या घराला नव्हे. वसाहतीच्या अर्थकारणाचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच सापडतो.

भारतातील रंगनिर्मितीचा आरंभ 1902 मध्ये हावड्याजवळच्या शालिमार कारखान्याने झाला. 1920 मध्ये मुंबईच्या लोअर परळला गहागन पेंट्स ही कंपनी निघाली, जी पुढे नेरोलॅक या नावाने घरोघरी पोहोचली. आणि दुसऱ्या महायुद्धात आयात अडली असता, 1942 मध्ये गिरगावातील एका गॅरेजमध्ये चंपकलाल चोकसी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एशियन पेंट्सची सुरुवात केली. मोठ्या शहरांतील बडे विक्रेते नव्या कंपनीला दाद देत नसल्याने ती खेड्यांकडे वळली आणि पोळ्याला बैलांची शिंगे रंगवण्यासाठी शेतकऱ्यांना परवडतील अशा लहान डब्या तिने बाजारात आणल्या, ही हकीकत या धंद्यात आवर्जून सांगितली जाते. विदर्भाच्या दृष्टीने तिचे महत्त्व व्यापारापुरते नाही. शिंगांना आधी हिंगूळ, गेरू आणि बेगड लागत असे. त्यांच्या जागी डबीतला तेलरंग आला आणि उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून तो दाराच्या चौकटीला, देवघराच्या झडपेला, पेटीच्या कडीला लागणे स्वाभाविक होते. कष्टकऱ्याच्या घरात विकतचा रंग बहुधा असा गोठ्याच्या वाटेने शिरला, माणसाच्या आधी बैलाला लागून.

रंग लावणारा हात कोठून आला, हे पाहण्यासाठी नागपूरकडे वळावे लागते. तेथील महाल भागातील चितारओळ ही भोसल्यांच्या काळापासून चितारी कारागिरांची वस्ती म्हणून ओळखली जाते. ‘चितारी’ म्हणजे मूर्ती, लाकूड आणि भिंती रंगवणारा कारागीर. गणपतीच्या मूर्तींबरोबरच तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल मिरवतात त्या सणासाठी, लागणारे बैल येथे रंगतात, आणि हा सण दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केला, अशी परंपरा आहे. लाकडावर आधी अस्तराचा हात, मग रंग, शेवटी चमक, हा क्रम या कारागिरांच्या हाती होताच. खेड्यातला पेंटर मात्र जातीने चितारीच असला पाहिजे, असे बंधन नव्हते. शाळेत अक्षर वळणदार असलेला, दुकानाच्या पाट्या लिहिणारा, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलमुलखातल्या, नाटकांचे पडदे रंगवणारा कोणीही हे काम शिकू शकत होता. धंदा बलुतेदारीच्या बाहेर जन्मला, म्हणून त्याला जातीचे कुंपण तुलनेने कमी राहिले आणि त्याचा मोबदला प्रथमपासून रोख राहिला, मग तो रोजीने असो, ठेक्याने असो किंवा चौरस फुटावर असो. दिवाळीनंतर धान कापले, की नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घरांच्या रंगकामाचा. एकाच हाताला दोन्हींचे काम लागोपाठ मिळे.

स्वयंपाकघरात हा पेंटर शिरला तो सिमेंटच्या ओट्याबरोबर. चूल मागच्या अंगणात गेली, ओट्यावर शेगडी आली, ओट्याखाली आणि भिंतीत झडपांची कपाटे आली, आणि सिमेंटच्या भिंतीला छुई नीट धरेना. जे पृष्ठभाग पूर्वी घरची बाई माती लावून नवे करी, ते आता तिच्या हातून नवे होणारे राहिले नाहीत. तिच्याकडे उरले ते पुसणे. हा बदल सोयीचा होता आणि धुरापासून सुटका ही तर आरोग्याची मोठीच कमाई होती, तथापि एका पिढीचे मातीचे ज्ञान त्याबरोबर मुकाट्याने निकामी झाले, याची खंत नोंदवणे आवश्यक आहे.

कामाची रीत पाहिली, तर कौशल्याचा मोठा भाग रंग लावण्याच्या आधीच खर्ची पडतो. स्वयंपाकघरातील झडपेवर फोडणीचे तेल आणि धूर मिळून एक पिवळट चिकटा बसतो, आणि तो निघाल्याशिवाय कोणताही रंग लाकडाला धरत नाही. म्हणून झडपा बिजागऱ्यांतून सोडवून सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, भिंतीला टेकवून ठेवतात, सोड्याच्या पाण्याने धुतात, उन्हात वाळवतात आणि पॉलिश पेपरने घासून त्यांची चमक मारतात. त्यानंतर भेगा आणि खिळ्यांची भोके लांबीने, म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेल्या लगद्याने, भरली जातात, पुन्हा घासले जाते, अस्तर दिले जाते आणि मग तेलरंगाचे दोन हात. हाताच्या चिमटीत धरलेला ब्रश शेवटच्या वेळी न उचलता वरून खालपर्यंत नेला, तरच रेघा दिसत नाहीत. बोट टेकवून चिकटपणा गेला की नाही हे पाहिल्याशिवाय जाणता पेंटर दुसरा हात घेत नाही. तेवढे दिवस घरचा स्वयंपाक सपरीत किंवा मागच्या चुलीवर होतो. सोवळ्याने ज्या उंबऱ्यावर शेकडो वर्षे पहारा ठेवला, तो उंबरा रंगाच्या डब्याला आणि शिडीला वाट देण्यासाठी मोकळा झाला, हे सामाजिक दृष्ट्या लहान पाऊल नव्हते.

या चकचकीत रंगांत एक दोष दीर्घकाळ दडून राहिला. पिवळ्या, केशरी आणि लाल छटांसाठी शिशाची संयुगे वापरली जात, आणि जुना रंग कोरडा घासताना उडणारी धूळ पेंटरच्या छातीत आणि रांगणाऱ्या मुलांच्या तोंडात जाई. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे अपायकारक आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 90 भाग इतकी ठरवणारे नियम 2016 मध्ये निघाले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीचे थर मात्र झडपांवर आहेत तसेच आहेत, म्हणून जुनी कपाटे पाणी मारून ओली घासावीत आणि मुलांना दूर ठेवावे, हा सल्ला रंग निवडण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

लाकूडही बदलले. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात मंजूर आराखड्याशिवाय होणारी जंगलतोड थांबवणारा आदेश दिला, त्यानंतर इमारती लाकडाचा धंदा आकसत गेला आणि कपाटांसाठी प्लायवूड व त्यावर चिकटवलेले सनमायका हे समीकरण खेड्यांपर्यंत पोहोचले. मोटारींसाठी 1920 च्या दशकात अमेरिकेत निघालेला फवाऱ्याचा रंग सुतारांच्या बोलीत ‘ड्युको’ या व्यापारी नावानेच ओळखला जातो, आणि शहरांतील कपाटांना तोही लागतो. तयार, कारखान्यातूनच रंगून आलेल्या झडपांनी पेंटरचे काम भिंतींपुरते उरवले आहे, असे शहरांबाबत म्हणता येते. सागवानाच्या जुन्या झडपा असलेल्या घरांत मात्र त्याला आजही बोलावले जाते, कारण तसे लाकूड पुन्हा मिळणार नाही हे घरमालकालाही ठाऊक असते. अशा झडपेची बिजागरी पाना-पेचकसाने सोडवली, की तिच्या पट्टीखाली, जिथे पॉलिश पेपर कधीच पोहोचला नाही, तिथे थर एकाखाली एक दिसतात : वर मळकट पांढरा, त्याखाली आकाशी, त्याखाली पोळ्याच्या डबीतला असावा असा भडक लाल, आणि अगदी तळाशी तेल पिऊन काळसर झालेले उघडे सागवान.