जप्तीतून वाचलेले कागद

1793 सालच्या 31 मेच्या रात्री पॅरिसमध्ये मादाम रोलाँच्या दारात शिपाई आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आबेईच्या तुरुंगात घेऊन गेले. तिच्या खिशात टॉमसन या स्कॉटिश कवीचं पुस्तक होतं. बाकीची पुस्तकं तिनं नंतर मागवून घेतली: प्लुटार्कची चरित्रं, ह्यूमचा इंग्लंडचा इतिहास आणि शेरिडनचा इंग्रजी शब्दकोश. मानेवर गिलोटिन टांगलेलं असताना इंग्रजी सुधारायला घेणारी ही बाई ज्ञानोदयाच्या शतकाचं खरं अपत्य होती.

तिचं माहेरचं नाव मारी-जान फ्लिपाँ. बाप धातूवर नक्षी कोरणारा कारागीर. घर सेन नदीच्या काठी, पाँ नफ पुलाजवळ. आठ-नऊ वर्षांची असताना ती चर्चमध्ये प्रार्थनेच्या पुस्तकाऐवजी प्लुटार्क घेऊन जायची. कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणीला लांबलचक पत्रं लिहिता लिहिता तिचा हात तयार झाला. त्या काळात मुलीला विद्यापीठ नव्हतं, सभेत जागा नव्हती. होती ती पत्रं. त्यातूनच ती विचार करायला शिकली, वाद घालायलाही शिकली.

1780 मध्ये तिचं लग्न झालं. नवरा, जाँ-मारी रोलाँ, कारखान्यांचा सरकारी निरीक्षक होता आणि वयानं वीस वर्षांनी मोठा. मार्च 1792 मध्ये तो गृहमंत्री झाला. त्याच्या आधीपासूनच त्यांच्या घरी राजकारण्यांच्या बैठका भरत होत्या. मादाम बाजूच्या छोट्या टेबलाशी शिवणकाम किंवा पत्रलेखन करत बसायची आणि चर्चेत तोंड उघडायची नाही. ऐकायची मात्र सगळं. 10 जून 1792 ची तारीख घातलेलं एक पत्र राजा सोळाव्या लुईला गेलं. राज्यघटना मनापासून मानली नाही तर रक्तपात अटळ आहे, असं त्यात रोखठोक बजावलं होतं. सही मंत्र्याची, मजकूर बायकोचा. तीन दिवसांत राजानं रोलाँला काढून टाकलं. ते पत्र विधानसभेत वाचलं गेलं, छापून प्रांतोप्रांती पाठवलं गेलं. फ्रेंच क्रांतीतल्या सर्वांत गाजलेल्या राजकीय कागदांपैकी एक असा एका बाईनं लिहिलेला होता आणि त्यावर तिचं नाव नव्हतं.

तिच्या नावानं जे उरलं ते तुरुंगातलं लेखन. रोलाँ पती-पत्नी जिराँदँ या राजकीय गटाचे, आणि हा गट कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे क्रांतीच्या नव्या प्रतिनिधी सभेत, हरला होता. 24 जूनला तिला सोडलं खरं, पण ती घराच्या जिन्यात पोचते न पोचते तोच पुन्हा पकडलं आणि सँत पेलाजीच्या तुरुंगात टाकलं. आधी तिनं क्रांतीतली माणसं आणि घटना टिपून ठेवल्या होत्या. ते कागद तुरुंगाबाहेर पोचलेही. पण ज्यांच्या हाती ते होते त्यांच्यावर झडतीची वेळ आली आणि बराचसा भाग जाळला गेला. तिला वाटलं, सगळंच गेलं. कागदांऐवजी आपल्यालाच आगीत टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं तिनं लिहून ठेवलं आहे. आणि मग ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसली.

ऑगस्टमध्ये तिनं स्वतःच्या आठवणी लिहायला घेतल्या. राजकारण बाजूला ठेवून बापाचा कारखाना, आईचा मृत्यू, वाचलेली पुस्तकं, नाकारलेली स्थळं असं सगळं तिनं सांगितलं. बापाच्या कारखान्यातल्या एका उमेदवारानं लहानपणी तिच्याशी केलेलं घाणेरडं वर्तनही तिनं लपवलं नाही. रुसोच्या आत्मकथनानं अशा मोकळेपणाची वाट पाडली होती, हे खरं. पण पुरुषानं तसं लिहिणं वेगळं आणि अठराव्या शतकात एका बाईनं लिहिणं वेगळं. मला तिच्या सगळ्या लेखनात हे धाडस सर्वांत मोठं वाटतं.

8 नोव्हेंबर 1793 रोजी तिचा खटला चालला आणि त्याच दिवशी शिरच्छेद झाला. रूआँमध्ये लपलेल्या नवऱ्याला बातमी कळली, तेव्हा त्यानं आत्महत्या केली.

कागद वाचले ते लुई बॉस्कमुळे. हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि टपाल खात्यातला अधिकारी तिचा जुना मित्र. तुरुंगात भेटायला जाताना तो तिच्यासाठी पॅरिसच्या राजोद्यानातली फुलं न्यायचा आणि येताना लिहिलेली पानं घेऊन यायचा. पुढे नोकरी गेल्यावर तो मॉन्मोरन्सीच्या जंगलात जाऊन राहिला आणि तिथंच त्यानं ती पानं दडवून ठेवली. ती सापडली असती तर त्याचंही डोकं उडालं असतं. 1795 मध्ये त्यानं ती छापली आणि उत्पन्न तिच्या पोरक्या मुलीला, युदोराला, दिलं. त्यानं काही मजकूर मात्र गाळला. त्या उमेदवाराचा प्रसंगही त्यात गेला. बॉस्कला मैत्रिणीची अब्रू जपायची होती, हे समजण्यासारखं आहे. पण तिनं जाणूनबुजून लिहिलेलं वाचकांपर्यंत यायला 1864 साल उजाडावं लागलं. मूळ हस्तलिखित आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

मादाम रोलाँ तुरुंगात लिहीत होती त्याच महिन्यांत पॅरिसच्या दुसऱ्या भागात, सँ-सुल्पीस चर्चजवळच्या एका गल्लीत, गणितज्ञ काँदोर्से लपून बसला होता. जुलै 1793 मध्ये त्याच्या अटकेचा हुकूम निघाला होता. त्याला आसरा देणारी मादाम व्हेर्ने ही एका शिल्पकाराची विधवा. आपल्याला कायद्याबाहेर घोषित केलं आहे, इथं राहिलो तर तुमचा जीव जाईल, असं तो तिला म्हणाला. कन्व्हेन्शन माणसाला कायद्याबाहेर काढू शकेल, माणुसकीबाहेर नाही, अशा अर्थाचं तिचं उत्तर होतं, असं सांगतात. तिनं जवळजवळ नऊ महिने त्याला सांभाळलं.

तो आधी स्वतःचा बचाव लिहीत होता. त्याची बायको सोफी शेतकरणीच्या वेषात चोरून भेटायला यायची. तिनं त्याला तो बचाव सोडायला लावला. आरोपांना उत्तरं देण्यापेक्षा मोठं काहीतरी लिही, असा तिचा आग्रह होता. त्यातून मानवी बुद्धीच्या प्रगतीचा दहा युगांचा आराखडा तयार झाला. दहावं युग पुढे येणारं: राष्ट्राराष्ट्रांतली विषमता संपेल, स्त्री-पुरुष समान होतील. हे लिहिणाऱ्याला खिडकीत उभं राहायची चोरी होती. मार्च 1794 मध्ये तो व्हेर्नेच्या नकळत बाहेर पडला, क्लामारला पकडला गेला आणि 29 तारखेला कोठडीत मृत सापडला. पुढच्या वर्षी त्याच कन्व्हेन्शननं त्याच्या पुस्तकाच्या 3,000 प्रती विकत घेतल्या.

तिसरा माणूस इंग्रज. 'राइट्स ऑफ मॅन'चा लेखक थॉमस पेन पा-द-कॅले प्रांतातून कन्व्हेन्शनवर निवडून आला होता आणि राजाला मारू नका, अमेरिकेत धाडा, असं सांगून जहालांच्या रोषास पात्र ठरला होता. 28 डिसेंबर 1793 रोजी त्याला अटक झाली. तुरुंगाकडे नेत असताना त्यानं 'एज ऑफ रीझन'चं हस्तलिखित जोएल बार्लो या अमेरिकी मित्राच्या हाती दिलं. एका दिवसाचा उशीर झाला असता, तर ते कागदही जप्तीत गेले असते. पेन स्वतः नोव्हेंबर 1794 मध्ये जिवंत सुटला.

पेनचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो. 1847 च्या सुमारास जोतीराव फुल्यांनी 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. त्यावेळी ते विशीतले होते आणि स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. जन्मानं कुणाचा हक्क ठरत नाही, हा पेनचा मुद्दा त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. धर्मग्रंथांच्या मक्तेदारीशिवाय एका निर्मिकाला मानता येतं, ही 'एज ऑफ रीझन'शी नातं सांगणारी भूमिका त्यांनी आयुष्याच्या अखेरीस 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात मांडली. 1888 मध्ये पक्षाघातानं त्यांचा उजवा हात निकामी झाला होता, म्हणून ते त्यांनी डाव्या हातानं लिहिलं. 1890 मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या दत्तक मुलानं, यशवंतनं, ते छापून काढलं.