बालाघाटची कामटी आणि मोटारीचा अंतर्भाग : घरच्या घरी कमी खर्चात ट्रिम

मोटारीच्या दारावरील शोभेची पट्टी, गिअरभोवतालची चौकट, मधल्या कप्प्याचे झाकण अशा लहान दर्शनी भागांना मोटार व्यवसायात ‘ट्रिम’ म्हणतात. सर्वसाधारण गाड्यांत हे भाग प्लास्टिकचे असतात. पुष्कळदा त्यांवर लाकडाच्या रेषा छापलेल्या असतात. खऱ्या लाकडाची ट्रिम हे महागड्या गाड्यांचे लक्षण मानले जाते. मात्र लाकडाइतकाच देखणा आणि त्याहून कितीतरी स्वस्त असा एक पर्याय भारतात मुबलक आहे, तो म्हणजे बांबू. जपानच्या लेक्सस कंपनीने आपल्या काही गाड्यांत बांबूची ट्रिम आणि बांबूचे स्टिअरिंग चक्र दिले आहे. त्याच सामग्रीतून घरच्या घरी एखादा भाग तयार करणे साध्या अवजारांनी शक्य आहे. त्यासाठी बांबूचा स्वभाव आणि गाडीतील धोक्याच्या जागा या दोन्हींची नेमकी माहिती असावी लागते.

बालाघाटचा बांबू

मध्य प्रदेशातील बालाघाट हा महाराष्ट्राच्या गोंदियाला लागून असलेला, वैनगंगेच्या काठचा जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी तो नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांताचा भाग होता; मराठी तेथे आजही कानी पडते. जिल्ह्याचे निम्म्याहून अधिक क्षेत्र जंगलाखाली असून कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भागही याच जिल्ह्यात येतो. या जंगलात बांबूची मुख्य जात आहे ती भरीव बांबूची. विदर्भात तिला मानवेल म्हणतात. कोरड्या, खडकाळ जमिनीवर वाढलेल्या या बांबूची पोकळी अगदी लहान असते, कधी ती जवळजवळ नसतेच. त्यामुळे जाड भिंतीतून सरळ, चिवट कामट्या निघतात. लाठीसाठी हा बांबू पूर्वापार नावाजलेला आहे. काटेरी कटांग बांबू त्यामानाने पोकळ असतो.

सूप, टोपल्या व चटया विणणारी बसोड कुटुंबे या बांबूवर जगत आली आहेत. मध्य प्रदेश शासन त्यांना सवलतीच्या दराने बांबू देते. प्लास्टिकच्या टोपल्यांनी त्यांचा बाजार आक्रसला असला तरी एकसारख्या जाडीची कामटी काढण्याचे कसब त्यांच्या हातात टिकून आहे. ट्रिमच्या कामाला नेमकी तीच कामटी लागते. हौशी माणसाने स्वतः बांबू फाडण्यापेक्षा कारागिराकडून एक मिलिमीटर जाडीच्या कामट्या काढून घेणे श्रेयस्कर. खर्च किरकोळ येतो, बोटे सुरक्षित राहतात आणि कारागिरालाही काम मिळते.

२०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे खासगी जमिनीवरील बांबूचा व्यवहार सुलभ झाला. जंगलातील बांबू मात्र परवानगीशिवाय तोडता येत नाही.

जागेची निवड

कामाचा आरंभ जागा ठरवण्यापासून होतो, कारण जीवाचा प्रश्न येथेच आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग बंधनकारक झाली. पुढे ती शेजारच्या आसनासाठीही सक्तीची झाली. एअरबॅग अवघ्या काही शतांश सेकंदांत फुगते. तिच्या झाकणावर चिकटवलेली कोणतीही कठीण वस्तू त्या वेगाने प्रवाशाच्या तोंडावर फेकली जाते. बांबू तुटला की त्याचे धारदार सळ होतात. म्हणून स्टिअरिंगचा मधला भाग, प्रवाशासमोरील डॅशबोर्ड, काचेच्या कडेचे खांब आणि आसनांच्या बाजू यांना हात लावू नये. गाडीत जेथे ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ अशी अक्षरे कोरलेली असतात, तो भाग वर्ज्य समजावा. गुडघ्यासमोरची आणि डोके आपटण्याची शक्यता असलेली जागाही टाळावी.

दुसरा निकष उष्णतेचा. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कडक उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे आढळले. एवढ्या उष्णतेत सुतारकामाचा साधा पांढरा गोंद मऊ पडतो. त्यामुळे डॅशबोर्डचा वरचा पृष्ठभाग सोडून गिअरभोवतालची चौकट आणि दारावरील लहान पट्टी एवढ्यापुरतेच काम ठेवणे शहाणपणाचे.

जुना भाग आणि साचा

गाडीतील मूळ भागावर प्रयोग करू नये. भंगारातील गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे त्याच मॉडेलचा जुना तुकडा स्वस्तात मिळतो. त्यावर बांबू चढवला तर काम बिघडले तरी मूळ भाग परत बसवता येतो. तुकडा घेताना त्याच्या मागील क्लिपा शाबूत आहेत ना, हे पाहावे. मागच्या बाजूस प्लास्टिकचा प्रकारही कोरलेला असतो. ‘एबीएस’ असेल तर डिंक चांगला धरतो. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर बहुतेक डिंक त्यावर टिकत नाहीत. असा तुकडा घेऊच नये.

तुकड्यावर पातळ कागद ठेवून कडा बोटाने दाबत आकार उमटवावा आणि तो जाड पुठ्ठ्यावर उतरवून साचा करावा. बटणांच्या व गिअरच्या छिद्रांभोवती एक ते दीड मिलिमीटर जागा सोडावी. कामटीच्या जाडीमुळे बटण अडकणे हा या कामातील नेहमीचा दोष आहे आणि तो साच्यातच टाळता येतो.

कामटीची तयारी

बांबू तीन ते चार वर्षांचा आणि पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडलेला असावा. कोवळ्या बांबूत पिष्ट अधिक असते आणि त्याच्या ओढीने भुंगे आत शिरतात. कामटीखाली पिवळसर भुकटी पडू लागली की कीड लागली असे समजावे.

बांबूच्या बाहेरील चकचकीत सालीत सिलिका आणि मेण असते. त्यावर ना डिंक धरतो, ना पॉलिश. ती साल खरवडून काढावी. आतला भुसभुशीत थरही काढून मधला दाट भाग ठेवावा. नंतर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून कामट्या त्यात तीन-चार दिवस बुडवून ठेवाव्यात. हे द्रावण विषारी असल्याने हातमोजे वापरावेत, स्वयंपाकाची भांडी घेऊ नयेत आणि मुलांना व जनावरांना दूर ठेवावे. कामट्या सावलीत पूर्ण वाळवाव्यात. उन्हात त्या पिळवटतात व तडकतात. वर साचलेले पांढरे क्षार ओल्या फडक्याने पुसून पुन्हा सुकवावेत, नाहीतर चिकटवलेला थर सुटतो.

चिकटवणे आणि पॉलिश

प्लास्टिकचा पृष्ठभाग १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. चामड्याच्या व सनमायकाच्या कामात वापरला जाणारा रबरी डिंक दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावावा, हाताला चिकटेनासा झाला की कामट्या एकेक करून शेजारी शेजारी बसवाव्यात आणि लाकडी ठोकळ्याने घट्ट दाबाव्यात. हा डिंक एकदा धरला की कामटी सरकवता येत नाही, म्हणून पेन्सिलीच्या खुणा आधीच करून ठेवाव्यात. वळणावर कामटी गरम पाण्यात भिजवून वाकवावी, त्याच आकारात बांधून वाळू द्यावी आणि मगच चिकटवावी.

दुसऱ्या दिवशी साच्याप्रमाणे कडा कापून १२०, २४० आणि ४०० या क्रमाने पेपर मारावा. बांबूची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने तोंडावर मास्क हवा. त्यावर पॉलियुरेथेन पॉलिशचे तीन-चार पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर पुरता वाळू द्यावा. कापलेल्या टोकांना व छिद्रांच्या कडांना पॉलिश दुप्पट लावावे, कारण ओल तेथूनच शिरते. पॉलिश बिनचमकीचे असावे; चमक डोळ्यांवर येऊन चालकाचे लक्ष विचलित होते. डिंक व पॉलिश दोन्ही ज्वालाग्राही असल्याने काम मोकळ्या हवेत, चुलीपासून दूर करावे.

खर्च आणि कायदा

या कामात बांबूचा वाटा सर्वांत कमी असतो. एका बांबूत दोन-तीन गाड्यांचे भाग होतात. पैसा जातो तो डिंक, पॉलिश आणि पेपरवर, आणि नेमकी तेथे काटकसर करू नये.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. आतील शोभेची पट्टी त्या कक्षेत येत नाही. तरीही एक मर्यादा लक्षात ठेवावी. गाडीच्या अंतर्भागातील साहित्य किती वेगाने जळते, याची कारखान्यात चाचणी होते. अमेरिकेच्या मानकात ती मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. घरगुती भागाची अशी चाचणी झालेली नसते. म्हणून तो लहान असावा आणि विजेच्या तारा, चार्जिंगचे सॉकेट व हीटरची झडप यांपासून दूर असावा.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात होणारा बिनकाट्यांचा माणगा बांबूही बराचसा भरीव असतो आणि या कामाला चालतो. फरक हवेचा आहे. बालाघाटच्या कोरड्या उन्हाळ्यात कामटी लवकर वाळते. कोकणपट्टीच्या दमट हवेत तिला अधिक दिवस द्यावे लागतात. त्यामुळे येथे हे काम डिसेंबर ते मार्च या काळात हाती घ्यावे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कडा उचलल्या नाहीत, बुरशी आली नाही आणि खाली भुकटी पडली नाही, तर कामटी नीट मुरली होती असे म्हणता येते.