गुप्त संवताचे गणित कोणी केले?

मध्य प्रदेशातील एरण येथे सम्राट बुधगुप्ताच्या काळातील एक दगडी ध्वजस्तंभ उभा आहे. तो उभारणाऱ्या मातृविष्णू आणि धान्यविष्णू या भावांची नावे त्यावर कोरलेली आहेत. शिवाय मितीही आहे: वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार.

आज ही तारीख २१ जून ४८४ अशी सहज लिहिली जाते. १८८० च्या दशकात मात्र हे १६५ वे वर्ष कोठून मोजायचे, यावरच विद्वानांत वाद होता. कनिंगहॅम गुप्त संवताचा आरंभ इ.स. १६६ च्या सुमारास धरीत. अल्-बेरूनीची नोंद मात्र त्याला शकानंतर २४१ वर्षांनी, म्हणजे इ.स. ३१९ च्या आसपास ठेवते. फरक दीडशे वर्षांचा! समुद्रगुप्तापासून सगळी वंशावळ त्याबरोबर मागेपुढे सरकत होती.

निकालाची एक किल्ली त्या ‘गुरुवार’ या शब्दात होती. गृहीत धरलेल्या वर्षी ती तिथी त्या वारी येते का, हे गणिताने तपासता येते. अर्थात चुकीच्या वर्षीही वार जुळण्याचा संभव सातात एक असतो. म्हणून एका लेखावर भागत नाही, अनेक मित्या तपासाव्या लागतात.

जॉन फ्लीट यांचा गुप्त शिलालेखांचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि संवताचा आरंभ इ.स. ३१९-२० असा स्थिरावला. त्यामागचे तिथीगणित शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे होते. जन्म १८५३, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे मुरूड (जंजिऱ्याचे मुरूड वेगळे). पेशाने ते शिक्षणखात्यातील शिक्षक होते.

फ्लीट यांना प्रस्तावनेत आभाराची एक ओळ लिहून मोकळे होता आले असते. त्या काळी एतद्देशीय शास्त्री-पंडितांच्या वाट्याला बहुधा तेवढेच येई. येथे तसे झाले नाही. तिथीवरून वार आणि इंग्रजी तारीख काढण्याची रीत दीक्षितांच्या स्वतःच्या नावाने परिशिष्ट म्हणून छापली गेली. त्यामुळे निष्कर्षाबरोबर त्यामागचे साधनही वाचकाच्या हाती आले. ज्याला शंका असेल त्याने आकडे घालून स्वतः पडताळावे.

आजच्या भाषेत हे मुक्त-स्रोत संशोधन-सॉफ्टवेअरच होते, फक्त ते कागदावर चालत असे.

१८९६ मध्ये लंडनहून ‘द इंडियन कॅलेंडर’ निघाले. इ.स. ३०० ते १९०० पर्यंतच्या मित्या पडताळण्याची ही कोष्टके. मुखपृष्ठावर मद्रासचे निवृत्त सनदी अधिकारी रॉबर्ट सिवेल यांच्याबरोबर सहलेखक म्हणून दीक्षितांचे नाव आहे, ‘ट्रेनिंग कॉलेज, पुणे’ या उल्लेखासह. भारतात दिसणाऱ्या ग्रहणांची कोष्टके व्हिएन्नाच्या डॉ. रॉबर्ट श्राम यांची, हेही तेथेच वेगळे नोंदवले आहे. हे सिवेल म्हणजे पुढे विजयनगरवर ‘अ फरगॉटन एम्पायर’ लिहिणारे तेच.

त्याच वर्षी दीक्षितांचा मराठी ग्रंथ ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध झाला. फ्लीट यांनी दीक्षितांना दिलेला न्याय दीक्षित येथे पूर्वसूरींना देतात: कोणता ग्रंथ कोणाचा, त्याचा काळ कोणता, गाव कोणते. पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे ज्यावरून मांडली गेली, त्या ‘ग्रहलाघवा’चे कर्ते गणेश दैवज्ञ कोकणातल्याच नांदगावचे. पंचांग घरोघरी वाचले जाई, पण त्यामागचा गणिती किती जणांना ठाऊक होता?

हा प्रश्न जुना झालेला नाही. जुन्या मित्यांचे रूपांतर करायला आज मिचिओ यानो यांची ‘पंचांग’ ही संगणकप्रणाली आहे. संशोधक अशी साधने रोज वापरतात; तळटीपेत मात्र बहुधा निष्कर्षच उरतो. म्हणून अलीकडे शोधनिबंधांत योगदानाच्या १४ भूमिका वेगवेगळ्या नोंदवण्याची पद्धत रुजते आहे. त्यांत ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘पडताळणी’ अशा स्वतंत्र भूमिका आहेत. दीक्षितांचे काम या दोन्हींत बसते.

शालेय पुस्तकांत इ.स. ३१९-२० हा आकडा येतो, क्वचित फ्लीट येतात. मुरूडचे हे शिक्षक सहसा येत नाहीत. १८९८ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, दीक्षित वारले. सिवेल यांनी त्यानंतर ‘इंडियन क्रोनोग्राफी’ एकट्याने लिहिले; त्याच्या मुखपृष्ठावर, हा ‘इंडियन कॅलेंडर’चा विस्तार आहे, अशी नोंद त्यांनी केली.